थांबलेलं बोट

"अण्णा, मी तुमच्या कानात सांगितलेला भाव चौगुल्यांना कसा कळला?"

सुवर्णा शेंडगेनं हे विचारलं ते भर पेठेत, तीस-चाळीस माणसांच्या देखत आणि आवाज जराही न चढवता. ती भांडली असती तर सिद्राम कोऱ्यांना बरं वाटलं असतं. भांडणाला उत्तर देता येतं. पण कुरणवाडीच्या साठ बायकांच्या हळदगटाची ही पुढारीण पाच वर्षं सगळा माल डोळे झाकून त्यांच्या अडतीवर आणत होती, आणि आज ती डोळे उघडे ठेवून उभी होती.

"कसा कळंल? मी सांगितला व्हय?" सिद्राम म्हणाले.

"मी तसं म्हणत न्हाई. पण तीन लॉट झाले. तिन्ही चौगुल्यांनी घेतले, आणि तिन्ही बरोबर मी तुमच्या कानात सांगितलेल्या आकड्याला. त्याच्यावर एक पैसा न्हाई. मागच्या साली ह्योच माल तीन-चार हजारानं वर जात हुता."

मागच्या घोळक्यातून कुणीतरी पुटपुटलं, "कुंपणच शेत खातंय, दुसरं काय." सिद्रामांनी वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर कोण बोललं ते कळलं असतं, आणि मग त्या माणसाचं तोंड बघताना जन्मभर तेच आठवत राहिलं असतं.

ज्यांनी ही पेठ पाहिलेली नाही त्यांना हा प्रश्न किती जहरी होता ते कळायचं नाही, म्हणून थोडं सांगायला हवं. कृष्णाकाठच्या या हळदपेठेत सौदा तोंडानं होत नाही, हातानं होतो. शेतकरी आपला कमीत कमी भाव अडत्याच्या कानात सांगतो. मग अडत्या आणि खरीददार समोरासमोर उभे राहतात, दोघांच्या हातांवर रुमाल पडतो, आणि रुमालाखाली बोटं बोलतात. एकमेकांचा हात मनगटापर्यंत धरायचा. पहिल्या दाबात दहा हजार किती ते सांगायचं, दुसऱ्या दाबात वरचे हजार किती ते. एक खरीददार हात काढतो, दुसरा घालतो. कोण किती बोललं हे एकट्या अडत्याच्या हाताला ठाऊक असतं आणि ते त्या हाताबरोबरच जळायचं असतं. रुमालाखालचा हात डोळ्यांनी बघायचा नाही, दुसऱ्याचाही नाही आणि आपलाही नाही.

आता कुणी म्हणेल, दोन हजार बेचाळीस साली ही पणजोबांची पद्धत टिकली कशी? टिकली नव्हतीच. मेली होती. सगळ्या जगाचे सौदे यंत्रं यंत्रांशी करत होती. शेतकऱ्याच्या फोनमधला अडत्या कंपनीच्या संगणकातल्या खरीददाराशी बोलायचा आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत भाव ठरायचा. सुरुवातीला सगळे खूश. दलाली गेली, हेलपाटे गेले, पी हळद नि हो गोरी! मग हळूहळू लोकांच्या ध्यानात आलं, की कंपनीच्या यंत्राला आपल्याबद्दल जरा जास्तच माहिती असते. तुम्ही दिवसातून कितीदा भाव बघता, घरात लग्न कधी आहे, कोठीत जागा किती उरली आहे, सगळं. तुम्ही किती दिवस दम धरू शकता हे ज्याला आधीच ठाऊक, त्याच्याशी घासाघीस करून काय होणार? पगार मागायला गेलेल्या कामगाराची तीच गत झाली, दुकान भाड्यानं घेणाऱ्याची तीच, ट्रकवाल्याची तीच. प्रत्येक माणसाच्या मनात एक आकडा असतो, ज्याच्या खाली तो जात नाही. तो आकडा मनात राहतो म्हणून तर माणूस बाजारात उभा राहू शकतो. तो आता मनात राहीना.

तेव्हा लोकांना रुमाल आठवला. रुमालाखालचं कुठल्याच यंत्राला दिसत नव्हतं. पेठेनं कडक नियम केला की घड्याळ, अंगठी, फोन, आरोग्याची पट्टी सगळं टोपलीत ठेवायचं आणि मनगट मोकळं करून मगच हात द्यायचा. दहा वर्षांत पेठ पुन्हा गजबजली. लांबलांबची गावं माल घेऊन यायला लागली आणि मोठमोठ्या मसाला कंपन्यांनाही झक मारत आपापला माणूस इथं उभा करावा लागला. या सगळ्यात सर्वात जुना आणि सर्वात भरवशाचा हात सिद्राम कोऱ्यांचा. अर्ध्या हळकुंडानं पिवळे होणाऱ्यांतले ते नव्हते, पण या एका गोष्टीचा त्यांना मनातून ताठा होता. तो आज सुवर्णानं चारचौघांत मोडला.

"चौथा लॉट गुरुवारी आणती," ती म्हणाली. "त्यो शेवटचा. त्येचं काय होतंय ते बघून ठरवतो आम्ही."

काय ठरवणार ते तिनं सांगितलं नाही. कुरणवाडी गेली की मागोमाग बाकीची गावं जाणार, आणि बासष्टाव्या वर्षी सिद्राम कोरे चोर म्हणून घरी बसणार, हे पेठेतल्या हमालालाही समजत होतं.

रविवारी नीलांबिका घरी आली. ही त्यांची एकुलती मुलगी. मिरजेत कृत्रिम हातपाय बसवणाऱ्या एका कार्यशाळेत ती काम करायची. ती चप्पल काढून आत येते न येते तोच सिद्रामांनी मनगटावरची आरोग्याची पट्टी काढून तिच्यापुढं टाकली. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या छातीत दुखलं तेव्हा तिनंच ती आणून बांधली होती.

"हिच्यातनं माझं काय काय बाहेर जातं?"

"नाडी, झोप, रक्तदाब. का?"

"आणि माझ्या बोटांचं?"

"बोटांचं काय जाणार, अप्पा?"

"मला शिकवू नको. माझ्या मनातला आकडा कुणीतरी ऐकतंय. तीन महिने ऐकतंय. हे असलं यंत्र माझ्या अंगावर तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणी आणलं?"

नीला म्हणाली, "सौद्याच्या वेळी ही पट्टी टोपलीत असते. तुम्हीच सांगता की सगळ्यांना कौतुकानं. मग मी घरात चोर आणला असं म्हणायचंय तुम्हाला?"

सिद्रामांनी पट्टी बोटानं तिच्याकडं आणखी सरकवली.

"म्हणजे म्हणायचंय," ती म्हणाली आणि आत गेली. बऱ्याच वेळानं दोन कप चहा घेऊन बाहेर आली. राग आला की ती साखर विसरायची, तशी आजही विसरली होती. सिद्रामांनी निमूटपणे तो चहा प्यायला, कारण माफी मागायची त्यांना दुसरी पद्धत येत नव्हती.

मग तिनं विचारलं, "बोट दाबायच्या आधी काय होतं ते ठाऊक आहे तुम्हाला?"

तिच्या कार्यशाळेत एक माणूस यायचा, रसाच्या चरकात उजवा हात गेलेला. कोपराखाली वीतभरच हात उरला होता, पण त्याचा मेंदू त्या नसलेल्या हाताला अजून हुकूम सोडायचा. बोटं हलवणारे स्नायू बरेचसे कोपराखाली असतात, थोडे तळहातात. मेंदूचा हुकूम तिथं विजेच्या बारीकशा लहरीनं पोचतो, स्नायू आखडतो आणि बोट वळतं. त्या उरलेल्या वीतभर हातावर सायीसारखी पातळ पट्टी चिकटवली, की ती ही लहर वाचते आणि कृत्रिम बोट हलवते. इथवर काही नवीन नव्हतं. गेल्या तीन-चार वर्षांत पट्ट्या फार हुशार झाल्या होत्या, ते नवीन होतं.

"मेंदू कधीच एक हुकूम काढत नाही, अप्पा. चार म्हणू की पाच म्हणू, असं मनात चाललं असेल तर तो चारचाही हुकूम तयार ठेवतो आणि पाचचाही. शेवटच्या क्षणी एक सोडतो, दुसरा दाबून धरतो. पण दाबून धरलेला हुकूमसुद्धा स्नायूच्या उंबऱ्यापर्यंत येऊन गेलेला असतो. बोट हलत नाही, कुणाला काही दिसत नाही. पट्टीला दिसतं. आमच्याकडे आम्ही ते गाळून टाकतो, नाहीतर पेशंटनं नुसतं मनात आणलं तरी हातातला कप खाली पडायचा."

"म्हणजे थांबवलेलं बोट वाचता येतं."

"तेच तर जास्त चांगलं वाचता येतं. ते खरं असतं."

सिद्रामांनी कप खाली ठेवला. "आणि ती पट्टी माझ्या अंगावर नसली, समोरच्याच्या बोटांवर असली तर?"

"त्वचेला टेकली म्हणजे झालं. तुम्ही तर मनगटापर्यंत धरता. एका हाताची ओळख पटायला थोडे दिवस लागतील, बस्स."

"भरमू असलं करायचा न्हाई."

"मी भरमूकाकांचं नाव घेतलं का?" नीला म्हणाली.

भरमू चौगुले हा पुण्याच्या एका मोठ्या मसाला कंपनीचा पेठेतला माणूस. त्याआधी तो दुसऱ्या एका पेढीचा माणूस होता, त्याआधी तिसऱ्या. मालक बदलले पण हात तोच राहिला. मधला यंत्रांचा काळ सोडला तर छत्तीस वर्षं त्याचा आणि सिद्रामांचा हात रुमालाखाली रोज भेटत होता. असं नातं बाहेरच्याला सांगून कळत नाही. भरमूची आई गेली हे सिद्रामांना त्यानं सांगायच्या आधी हातावरून कळलं होतं. नीलाच्या जन्माच्या दिवशी सिद्रामांची बोटं इतकी खुशीत होती, की भरमूनं सौदा अर्धवट सोडून पेढे मागवले होते.

आणि त्या रविवारी कोयत्यासारखी एक गोष्ट त्यांच्या मनात शिरली. भरमूचा हात घुटमळायचा. आकडा सांगायच्या आधी त्याचा अंगठा एकदा पुढं यायचा, मागं जायचा, मग दाब पडायचा. छत्तीस वर्षांत एकदाही हे चुकलं नव्हतं. या हंगामात तो घुटमळलाच नव्हता. दुसऱ्या कुणाचं तरी ऐकून सही करणाऱ्या माणसासारखा तो सरळ दाबत होता.

सोमवारी सौदे आटोपल्यावर सिद्राम त्याला पेठेमागच्या चहाच्या गाड्यावर घेऊन गेले.

"भरमू, तुझा हात घुटमळंना झालाय."

भरमू हसला. "वय झालं मर्दा. आता घुटमळायला येळ कुठाय?"

"बोटं दाखव."

रुमालाखालचा हात बघायचा नसतो हे दोघांनाही ठाऊक होतं. गाड्यावर रुमाल नव्हता, तरी भरमूनं बोटं मुठीत मिटली आणि तेवढ्यानं सगळं सांगून झालं. पेठेतल्या प्रत्येकाची बोटं हळदीनं पिवळी असतात. पिवळी पट्टी लावली तर कुणाला वेगळी दिसणार?

"कधीपास्नं?"

"माघापास्नं." भरमू चहाच्या ग्लासाकडं बघत बोलायला लागला. "तुला म्हटलं न्हवतं का, कंपनीनं अकरा जणांना घरी घालवलं? गुळाचा माणूस, मिरचीचा माणूस, सगळी माझ्याबरोबरची. बारावा मी. सायेब म्हणाला, चौगुले, तुम्ही आम्हाला कशाला पायजे ते सांगा. मी म्हटलं, रुमालाखाली यंत्र जात न्हाई, माणूसच लागतो. तर म्हणाला, मग यंत्र घेऊन जा."

"आणि तू घेऊन आलास."

"ते माझ्या बोटाला टिचकी मारतं आतनं. वर चल, खाली चल, थांब. मी काय ठरवत न्हाई सिद्रामा. मी तुझा हात इकला न्हाई. माझा भाड्यानं दिला."

"पण वाचला कुणाचा? माझाच न्हवं?" सिद्राम म्हणाले. "पेठ मला चोर म्हणायलीय भरमू. तुझ्या देखत म्हणाली ती बाई आणि तू टोपलीतलं घड्याळ हातात घालत उभा राहिलास. दुश्मनानं केलं असतं तर मी चार शिव्या दिल्या असत्या आणि झोपलो असतो. तू केसानं गळा कापलास."

भरमूच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खोटं नव्हतं, हे इथं मुद्दाम सांगायला हवं. "गुरुवारी काढून टाकतो," तो म्हणाला. "कुरणवाडीचा लॉट मोकळ्या हातानं घेतो. पडंल त्या भावानं घेतो. आईशप्पथ. पण तू गप रहा. बोललास तर मी घरी बसलो."

सिद्राम गप्प राहिले. बुधवारी सुवर्णाचा फोन आला तेव्हाही ते काही बोलले नाहीत. मित्रानं आईची शपथ घातली होती आणि छत्तीस वर्षांच्या हाताला आणखी तीन दिवस देणं त्यांना जड वाटलं नाही. तरीपण गुरुवारी घरातून निघताना त्यांनी पानाच्या चंचीतली चुन्याची डबी काढून सदऱ्याच्या खिशात ठेवली. आपण हे का करतोय, हे त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही.

कुरणवाडीच्या लॉटभोवती त्या दिवशी सगळी पेठ गोळा झाली होती. सुवर्णानं कानात आकडा सांगितला आणि ती बाजूला झाली. चार खरीददारांनी हात घातले, काढले. भरमू शेवटचा. त्यानं घड्याळ टोपलीत टाकलं आणि मोकळं मनगट सगळ्यांना दाखवलं. सिद्रामांनी वळून डबीतला ओला चुना तळहाताला आणि बोटांना चोळला. मग रुमाल पडला.

त्यांनी एकतीस हजार सांगितले आणि अंगठ्याची वाट पाहिली. एकदा पुढं, एकदा मागं. एवढंच त्यांना हवं होतं. त्या अंगठ्यानं एकदा घुटमळावं म्हणून तो माणूस देवाचं नाव घेत उभा होता.

भरमूनं सरळ दाबलं. सुवर्णानं कानात सांगितलेला आकडा, जसाच्या तसा.

"काढली न्हाईस," सिद्राम ओठ न हलवता म्हणाले.

भरमूची नजर त्यांच्या खांद्यावरून पलीकडं गेली. "पुढच्या खेपेला."

सिद्रामांनी डाव्या हातानं रुमाल ओढून काढला.

पेठेत आजवर कुणी सौदा चालू असताना रुमाल उचलला नव्हता. कुणाचं वस्त्र फेडावं तशी पुढची काही माणसं चटकन तोंड फिरवून उभी राहिली. मग एकेक जण बघायला लागला. हळदीला चुना लागला की कुंकू होतं, हे तिथल्या पोरालाही माहीत. सिद्रामांचा हात मनगटापर्यंत लालभडक झाला होता. भरमूचा तळहात लाल झाला होता, मनगट लाल झालं होतं. चार बोटं आणि अंगठा मात्र होते तसेच पिवळेधमक. त्या पिवळ्याला हळद कधी शिवलीच नव्हती.

एका हमालानं पुढं होऊन भरमूच्या तर्जनीवरची पट्टी नखानं उचलली. ती कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटून आली.

बाजार समितीची बैठक सोमवारी बसली. दिवाणखान्याएवढ्या त्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. कंपनीचा वकील अगदी गोड माणूस होता. तो म्हणाला, नियमात घड्याळ आहे, अंगठी आहे, फोन आहे, आरोग्याची पट्टी आहे. बोटावरचा पापुद्रा नाही. तेव्हा नियम कुणी मोडलेला नाही. राहता राहिला अडत्यांवरचा आरोप, तर कोरेसाहेब निर्दोष आहेत हे दाखवायला कंपनी हंगामाची सगळी नोंद स्वखुशीनं समितीपुढं ठेवत आहे.

कंपनीला असा उदारपणाचा झटका उगाच येत नसतो. पण ते तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

नोंद म्हणजे नुसत्या वेड्यावाकड्या रेघा. त्या वाचणार कोण? सुवर्णाच उठून म्हणाली, "नीलाताईंना बोलवा. त्या हेच काम करत्यात. अण्णांची लेक असली तरी ती खोटं वाचायची न्हाई." गुरुवारपासून ती सिद्रामांशी पुन्हा आधीसारखं बोलायला लागली होती. कुंपणाची म्हण काढणारा माणूसही आपण होऊन पुढं आला आणि हात जोडून गेला. सिद्रामांना वाटलं, मित्र गेला पण नाव परत मिळालं.

नीला तासभर वाचत होती. कोणत्या दिवशी कोण किती बोललं, पट्टीनं काय टिपलं, भरमूच्या बोटाला कोणती टिचकी मिळाली. प्रत्येक लॉटला तेच निघत होतं. अडत्यानं तोंडानं किंवा हातानं कुणाला काहीही सांगितलेलं नाही, त्याच्या मनातलं काढून घेतलेलं आहे. लोक माना डोलवत होते.

कुरणवाडीचा पहिला लॉट आला, माघातला. नीलानं वाचायला तोंड उघडलं आणि ती थांबली.

"काय झालं?" अध्यक्षांनी विचारलं.

"इथं रेघ जरा पुसट आहे. पुढचं वाचते."

"पुसट नाही," वकील अदबीनं म्हणाला. "ताई, वाचा ना."

सिद्रामांनी लेकीचा चेहरा बघितला. त्यात काय आहे ते त्यांना कळलं नाही, पण ती आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलायला निघाली आहे आणि तेही आपल्यासाठी, एवढं कळलं. "जे आसंल ते वाच, नीला," ते म्हणाले.

ती वाचायला लागली. पोरीचा आवाज शाळेत धडा वाचल्यासारखा सपाट झाला होता. "अडत्यानं एकतीस सांगितलं. खरीददारानं सव्वीस सांगितलं. त्यानंतर अडत्याच्या बोटांत सत्तावीसचा हुकूम उठला. बोट हललं नाही, थांबवलं गेलं. खरीददाराला इशारा गेला, आणखी खाली ओढ. त्यानं पंचवीस दाबलं. अडत्यानं अठ्ठावीस दाबलं आणि सौदा अठ्ठाविसाला सुटला."

"माझा आकडा अठ्ठावीस हुता," सुवर्णा म्हणाली.

सभागृहात कुजबूज उठली. नीला कागद टाकून पुढं आली. "ऐका, हे घडलेलं नाही! बोट थांबलंय. माणसाच्या मनात दिवसाकाठी हजार गोष्टी येतात आणि जातात, त्या थांबवतो म्हणून तर तो माणूस. त्यांनी अठ्ठाविसाच्या खाली एक रुपया जाऊ दिला नाही!"

सुवर्णानं तिचं सगळं ऐकून घेतलं. मग ती सिद्रामांकडं वळली. "अण्णा, आलं हुतं का मनात?"

त्यांना तो दिवस आठवला. इतके दिवस तो त्यांना आठवलाही नव्हता, इतका तो क्षण लहान होता. भरमूचा हात बर्फासारखा गार होता. सकाळीच त्यानं त्या अकरा जणांचं सांगितलं होतं. सिद्रामांच्या मनात आलं होतं, जाऊ दे एक हजारानं खाली, हा तरी टिकेल. मग साठ बायका डोळ्यांपुढं आल्या आणि त्यांनी बोट आवरलं. नाही म्हटलं असतं तर चाललं असतं. रेघा काय, चुकतातही, आणि निम्मी पेठ त्यांच्या बाजूनं उभी राहिली असती.

"आलं हुतं," सिद्राम म्हणाले.

सुवर्णानं मान हलवली. तिला राग आला नव्हता, आणि तेच वाईट होतं. "तुम्ही थांबला, त्येचा मान हाय. पण आमचा आकडा हातात धरून तुम्ही दोस्ताला तारायचा इचार केला. पुढच्या वेळंला थांबशाल का न्हाई, हे आम्हाला कसं कळायचं? अण्णा, आता असली पट्टी निघालीच हाय, तर ती तुमच्या हाताला लावू या की. आमच्या बाजूनं. तुमच्या मनात काय चाललंय ते आम्हालाबी दिसू दे."

"बरोबर हाय," कुणीतरी म्हणालं. मग दुसरं. मग सगळेच. अध्यक्षांनी सचिवांना लिहून घ्यायला सांगितलं, की पुढच्या हंगामापासून सर्व अडत्यांच्या हाताला पट्टी लावावी. सिद्राम कोऱ्यांनी काही चोरलेलं नाही हे ज्या कागदावर लिहिलं गेलं, त्याच कागदावर खाली त्यांच्या हातावर पहारा बसला.

"माझ्या हाताला मी लावायचा न्हाई," सिद्राम म्हणाले.

"मग माल दुसरीकडं न्ह्यावा लागंल, अण्णा." सुवर्णा वाकून त्यांच्या पाया पडली आणि आपल्या बायकांना घेऊन निघून गेली. तिच्यामागं सभागृह रिकामं व्हायला लागलं.

भरमू शेवटच्या बाकावर बसून होता. कंपनीनं शुक्रवारीच त्याला घरी घालवलं होतं. आता त्याची गरज नव्हती. सिद्राम जाऊन त्याच्या शेजारी बसले. दोघांच्या हातांवरचा लाल रंग अजून पुरता गेला नव्हता.

"माघातल्या त्या सौद्याला तुझ्या बोटाला टिचकी बसली," सिद्राम म्हणाले. "ती कशाची ते तुला कळलं हुतं?"

"यंत्र कारण सांगत न्हाई. खाली ओढ म्हणतं, बस्स."

"मी यंत्राचं इचारत न्हाई."

भरमूनं आपली बोटं उलटीपालटी करून बघितली. बाहेर हमाल पोती उचलत होते, त्यांचा आवाज येत होता.

"कळलं हुतं," तो म्हणाला. "तुझा हात ढिला पडला न्हवं का, तवाच कळलं. माझ्यापायी खाली येतोयस म्हणून. टिचकी बसायच्या आधी कळलं."

"मग?"

"मग पंचवीस दाबलं."

सिद्राम उठले. नीला जिन्याच्या तोंडाशी थांबली होती. पायऱ्या उंच होत्या, म्हणून तिनं आधाराला हात पुढं केला. सिद्रामांनी आपले दोन्ही हात खिशात घातले आणि कठड्याला खांदा घासत एकटेच खाली उतरायला लागले.